कागद ओढायचा का नको?

गेल्या एप्रिलात आमच्या बेदाणा शेडला पावसाच्या भीतीनं सलग तीन दिवस प्लास्टिकचा कागद बांधून ठेवला होता. द्राक्षाचा माल वाळायला रॅकवर टाकून आठवडा झालेला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होता, ‘सांगली, सोलापूर, विजापूर पट्ट्यात तीन दिवस मुसळधार, शेतकऱ्यांनी सावध राहावे.’ पाच ग्रुपवरनं आला म्हणून खरा वाटला. तीन दिवसांत थेंब नाही. आत मात्र वारं कोंडलं आणि मधल्या जाळ्यांवरचा माल काळपट पडला. पुढच्या आठवड्यात फोनवर सूर्याचं चित्र बघून निवांत बसलो, तर साडेपाचला वळीव! तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात काळ्या मालाचं काय होतं, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको.

तो मेसेज कधीचा होता, कुणाचा होता, हे मी बघितलंच नव्हतं. आता तारीख, वेळ नसलेला स्क्रीनशॉट आला की उघडतही नाही. आणि पंधरा दिवस आधी ‘अमुक तारखेला पाऊस म्हणजे पाऊस’ असं छातीठोक सांगणाऱ्यांचे व्हिडिओ तर बंदच केले. चुकलं तर त्या जुन्या व्हिडिओचं पुढं कोण बोलतंय? माझा विश्वास अंदाज बदलणाऱ्यावर जास्त. काल एक म्हणाला, आज नवी माहिती आली, बदललं. ह्यात लाज कसली?

फोनवरच्या सूर्य-ढगाच्या चित्रामागं बहुतेक वेळा माणूस नसतो. कॉम्प्युटरच्या मॉडेलनं काढलेला आकडा आणि त्यावर चिकटवलेलं चित्र. लग्नाच्या मांडवाला चालेल, शेडला नाही.

मग एका द्राक्षवाल्या मित्रानं विंडी नावाचं हवामानाचं अ‍ॅप दाखवलं. रंगीत नकाशा बघून आधी चक्रावलो. पण त्यातली कामाची गोष्ट रंग नाहीत, मॉडेल बदलायचं बटण आहे. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ एक सांगतं, अमेरिकेचं जीएफएस दुसरं. दोघांचं जुळलं तर मी मजूर सांगून ठेवतो. जुळत नसलं तर समजायचं की अजून कुणालाच नक्की माहीत नाही, संध्याकाळी परत बघू. चार-पाच दिवसांपुढचं नुसतं वाचायचं, त्यावर पैसा लावायचा नाही.

तरी वळवाच्या बाबतीत ही सगळी मंडळी हात टेकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ईसीएमडब्ल्यूएफचं मुख्य मॉडेल साधारण 9 किलोमीटरचे चौकोन करून हिशेब करतं. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेनं केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम 2025 च्या मे महिन्यात सुरू झाली, तिचा चौकोन 6 किलोमीटरचा. वळवाचा ढग दुपारी रान तापल्यावर उठतो, तासाभरात रिकामा होतो. आमच्या वरच्या रानात चिखल आणि खालच्या रानात धुरळा, हे आपण दरवर्षी बघतो. एवढ्याशा ढगाला चौकोनात कसं पकडणार? ‘दुपारनंतर वळवाला पोषक हवा’ एवढं कळलं तरी खूप झालं.

त्या दिवशी दुपारी मी हवामान विभागाच्या साइटवर इन्सॅट उपग्रहाचं ढगांचं चित्र उघडतो. तिथं वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. 0900 म्हणजे आपले दुपारचे अडीच. हे माहीत नव्हतं तेव्हा दुपारचं चित्र सकाळचं समजून मी एकदा शेड उघडी टाकून तासगावला गेलो होतो. विभागाचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही असतो, वळवाला तोच खरा उपयोगी. विजेसाठी दामिनी अ‍ॅप ठेवा. शेडचे पत्रे गेले तर परत बसतील.

विभागाच्या जिल्हा अंदाजावर मात्र लोक उगाच चिडतात. ‘यलो अलर्ट होता, कुठाय पाऊस?’ अहो, खाली ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलंय ते वाचा की. आपला सांगली जिल्हा दहा तालुक्यांचा. शिराळ्यात छत्री मोडते तेव्हा जतला टँकर चालू असतो. जिल्ह्याचा रंग एक असला म्हणून आभाळ एक नसतं.

पुराचं तर आणखीच वेगळं. कृष्णाकाठच्या पाहुण्यांना मी सांगतो, पावसाळ्यात सांगलीचा अंदाज बघू नका, कोयनेचा आणि महाबळेश्वरचा पाऊस बघा, धरणाचा विसर्ग बघा, आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. नदी वरच्या पावसानं फुगते, अंगणात नुसती भुरभुर असते.

आमचे आण्णा ह्या सगळ्याला हसायचे. त्यांचं हवामान खातं म्हणजे पूर्वेकडचं, जतच्या बाजूचं आभाळ आणि मुंग्यांची रांग. आता चहा पिताना तेच विचारतात, “विंडीबाई काय म्हणती?” मी म्हणतो, दोन मॉडेलांचं जुळंना. आण्णा कप खाली ठेवतात, जतकडं बघतात आणि मला म्हणतात, “मग दोरी सोडून ठेव, कागद हाताशी राहू दे.”