अण्णांची वही आणि सामूची पट्टी

आहार बदलून रक्त अल्कधर्मी करता येते का, यावरून आमच्या कट्ट्यावर काही दिवस धुमसत असलेला वाद काल सायंकाळी पेटला, आणि त्याला निमित्त झाली अण्णांची वही. सामू, म्हणजे द्रव किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा (पीएच; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी), मोजण्याच्या रंगीत पट्ट्यांची एक डबी अण्णांनी मिळवली होती; रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा आणि आकडा टिपून ठेवायचा, असा त्यांचा महिनाभराचा नेम होता. पहिल्या आठवड्यात ५.५ च्या आसपास असलेला आकडा, मांस आणि चीज बंद करून फळे व पालेभाज्या वाढवल्यावर ७ पर्यंत चढला होता. "माझे रक्त आता अल्कधर्मी झाले," असे जाहीर करून त्यांनी वही सर्वांच्या हातांतून फिरवली.

रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्या मास्तरांनी ती बारकाईने पाहिली आणि परत देताना म्हणाले, "नोंदी उत्तम आहेत, अण्णा, पण मोजलीत लघवी आणि बोलता आहात रक्ताबद्दल."

डॉक्टरबाईंनी तोच धागा पकडला. निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, तर लघवीचा साधारण ४.५ ते ८ असा कुठेही फिरू शकतो, हे त्यांनी सांगितले. आम्हांला पट्टा अरुंद असल्याचे विशेष काही वाटेना, तेव्हा मास्तरांनी हिशोब मांडला: सामूचे मापन दसपटीच्या पायऱ्यांचे असल्यामुळे ७.४ वरून ७.१ वर येणे दिसायला किरकोळ असले, तरी त्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट होते. रक्त खरोखरच तेथवर घसरले, तर माणसाला वहीत नोंद करण्याची नव्हे, रुग्णालयात जाण्याची गरज असते.

यावर अण्णांनी जो प्रश्न विचारला, तो माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रश्न होता. "मग खाल्लेल्यातून तयार होणारे आम्ल जाते कुठे?"

त्याचे उत्तर बराच वेळ चालले. अन्न जाळून ऊर्जा मिळवताना शरीरात दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो रक्तातील पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल बनतो, आणि फुफ्फुसे तो श्वासावाटे बाहेर टाकत राहतात. याउलट प्रथिनांतील गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून होणारे सल्फ्युरिक आम्ल श्वासाने जात नाही. ते क्षणभर रक्तातील बायकार्बोनेट हा आम्लशामक क्षार झेलतो, आणि मग मूत्रपिंडे ते आम्ल अमोनिया व फॉस्फेट यांच्या सोबतीने लघवीत सोडतात व खर्च झालेले बायकार्बोनेट रक्ताला भरून देतात. या दुसऱ्या प्रकारच्या आम्लाचे प्रमाण दिवसाला साधारण ५० ते १०० मिलिमोल, म्हणजे पहिल्याच्या तुलनेत नगण्य असते, आणि आहाराचा हात पोचतो तो मुख्यतः एवढ्यावरच. "तेव्हा आम्लधर्मी लघवी म्हणजे मूत्रपिंडे काम करत असल्याची खूण आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घर झाडून झाल्यावर टोपलीत केर दिसला, म्हणून कोणी घर अस्वच्छ म्हणत नाही."

मास्तरांनी येथे सशांची गोष्ट काढली. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना काही सशांची लघवी मांसाहारी प्राण्यांसारखी स्वच्छ आणि आम्लधर्मी दिसली, एरवी गवत खाणाऱ्या सशाची ती गढूळ आणि अल्कधर्मी असते. ससे उपाशी असल्यामुळे स्वतःच्याच मांसावर जगत असावेत, असा त्यांनी तर्क केला. गवत दिल्यावर लघवी पुन्हा गढूळ झाली, आणि उकडलेले गोमांस खाऊ घातल्यावर पुन्हा आम्लधर्मी. अण्णांनी महिनाभर केलेला प्रयोग हाच होता, असे मी म्हणालो तेव्हा अण्णांना ते मानाचे वाटले की अपमानाचे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

आंबट लिंबू अल्कधर्मी कसे, हा मुद्दा झटकन निकालात निघाला: जिभेला आंबट लागणाऱ्या लिंबातील सायट्रेट यकृतात जळून बायकार्बोनेट होते, म्हणून आम्लधर्मी लिंबू लघवीला अल्कधर्मी करते. अन्नाची चव आणि अन्नाचा मूत्रपिंडांवर पडणारा आम्लभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भार अजमावण्याची पद्धत थॉमस रेमर आणि फ्रीडरिख मान्झ यांनी १९९५ मध्ये मांडली. तीत शंभर ग्रॅम पार्मेझान चीजला अधिक ३४.२ आणि पालकाला उणे १४ असा आकडा मिळतो (अधिक म्हणजे आम्लभार वाढवणारे, उणे म्हणजे घटवणारे), मात्र तो मूत्रपिंडांवरील भाराचा आकडा आहे, रक्ताच्या सामूचा नाही.

अल्कधर्मी पाण्याच्या बाबतीत मास्तरांनी दया दाखवली नाही. विरघळलेले क्षार बाजूला ठेवले, तर सामू ९ असलेले एक लिटर पाणी निष्प्रभ करायला सामू २ असलेल्या जठररसाचा एक मिलिलिटर पुरतो. अल्कधर्मी शरीरात कर्करोग वाढत नाही, या दाव्यासाठी अण्णांनी जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांचे नाव घेतले. त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते श्वसनातील विकराच्या संशोधनासाठी, अल्कधर्मी आहारासाठी नव्हे, आणि गाठीभोवतीची आम्लता तर कर्करोगाच्या पेशीच लॅक्टिक आम्ल सोडून निर्माण करतात.

एवढे झाल्यावर मास्तरांना जोर चढला आणि "थोडक्यात, काहीही खा, फरक पडत नाही," असे ते बोलून गेले. डॉक्टरबाईंनी त्यांना तेथेच अडवले. मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या माणसाला रोजचे आम्ल बाहेर टाकणे जड जाते, त्याच्या रक्तातील बायकार्बोनेट लिटरमागे २२ मिलिमोलच्या खाली उतरते, आणि अशा वेळी आहारातील आम्लभार कमी करणे किंवा मोजून खाण्याचा सोडा देणे हा उपचारांचाच भाग असतो. मात्र त्याच रुग्णाने स्वतःच्या मनाने फळे आणि पालेभाज्या वाढवल्या, तर त्यांतील पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकते. म्हणून अण्णांच्या वयाच्या माणसाने पट्टीआधी मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे पटले, कारण अण्णांची भाजी बरोबरच होती, चुकला होता तो तिच्यामागचा सिद्धांत.

मी मग माझ्याकडची गोष्ट सांगितली. मला युरिक आम्लाचा मूतखडा झाला होता, ५.५ च्या खाली युरिक आम्ल लघवीत नीट विरघळत नाही, म्हणून माझ्या डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट देऊन सामू ६.५ च्या जवळ ठेवायला सांगितले होते, आणि त्यासाठी मला याच पट्ट्या लागतात. तेव्हा डबी मला द्यावी, असे मी सुचवले.

अण्णांनी डबी पुढे केली, पण माझ्या हातात पडण्याआधीच ती परत खिशात गेली. पहिल्या आठवड्याचे पान डॉक्टरबाईंपुढे धरून त्यांनी विचारले, "मग ५.५ म्हणजे मलाही खडा होणार का?"

"नुसत्या या आकड्यावरून ते सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभरात पाणी किती पिता, ते लिहिले आहे का?"

अण्णांनी पाने उलटली. लघवीचा सामू प्रत्येक पानावर होता. पाणी किती प्यायले, ते एकाही पानावर नव्हते.