संघर्ष पाहिजे, साडेसहाशे शब्दांत

पालकहो, पोराला अमेरिकेत शिकायला पाठवायचं नक्की झालंय ना? मग सगळ्यात आधी निबंधाचा विषय त्याच्या हातून काढून घ्या. तो पाल्याने निवडायचा नसतो.

कॉमन ॲप म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणारा एकच प्रवेशअर्ज. त्यात २५० ते ६५० शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं असतं. सात प्रश्न देतात, त्यातला एक घ्यायचा. सातवा तर चक्क ‘विषय तुमचा तुम्हीच ठरवा’ असा. इथेच गोची आहे. इतकी वर्षं आपण पोराकडून फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहून घेतलं, पडक्या किल्ल्याचं मनोगत घोकून घेतलं. छत्री बोलली, किल्ला बोलला, नदी तर ओक्साबोक्शी रडली. पोरगा तेवढा एकदाही बोलला नाही. आणि आता म्हणे त्यालाच बोलू द्या!

तेव्हा संघर्ष शोधा. अडचण किंवा अपयश, आणि त्यातून काय शिकलात, असा प्रश्न यादीत आहेच. पंचाईत एवढीच, की तुम्ही नाशिकच्या गंगापूर रोडला राहता आणि घरातला शेवटचा संघर्ष एसीच्या रिमोटवरून झाला. घाबरू नका. निफाडकडे कुणाचे तरी मावसकाका आणि त्यांची द्राक्षबाग असतेच. ऑक्टोबर छाटणीच्या एखाद्या रविवारी पोराला तिकडे न्या, हातात कात्री द्या, फोटो काढा. गारपीट झाली नसेल तर निबंधात पाडा. काकांना मात्र बोलतं करू नका. ते औषधांची उधारी आणि सोसायटीचं कर्ज काढून बसतील, आणि ते काही साडेसहाशे शब्दांत मावत नाही.

समाजसेवाही हवी. रामकुंडावर जाऊन प्लास्टिक वेचा. पिशव्या सफाई कामगारांनी भरून ठेवलेल्या असतात, शेजारी नुसतं उभं राहायचं.

एवढं करूनही पोरगा स्वतःच विषय सुचवण्याचा धोका असतो. आमच्या ओळखीतल्या एकाने सुचवला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आजोबा त्याला स्कूटरवर बसवून गोदाकाठी नेत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघायला. (नाशिककराचा पूर मीटरमध्ये मोजत नाहीत.) पोराने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला होता: तारीख, विसर्ग किती क्युसेक, पाणी कुठे. गुडघा, कंबर, छाती. २०१९ च्या ऑगस्टपुढे नुसतं ‘दिसत नाही’. आजोबा म्हणत कंबर, हा म्हणे मांडी. चहा गार होईपर्यंत दोघांची जुंपायची. पुढे आजोबांचे गुडघे गेले. मग हा एकटाच जाऊन फोटो काढून आणायला लागला. आजोबा चष्मा पुसून फोटो बघायचे आणि म्हणायचे, ‘फोटोत काय कळतंय, डोंबल!’ तरी रकान्यात कंबरच लिहायला लावायचे.

अशा वेळी वडिलांनी विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: ‘यात तुझं अचिव्हमेंट काय?’ त्याच्या वडिलांनी तो विचारला. वही रद्दीत गेली.

उरलेलं काम कॉलेज रोडवरच्या सल्लागार मॅडमनी केलं. फी विचारू नका. त्यांनी आजोबा काढले, मारुती काढला, बाग घातली, गारपीट घातली. तरी निबंध कोरडाच वाटत होता. शेवटी मुदतीच्या आदल्या रात्री पोरालाच काहीतरी सुचलं आणि त्याने एका बैठकीत ६४८ शब्द उतरवले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

निबंध आता द्राक्षवेलीच्या तोंडून आहे. ‘मी वेल बोलतेय’, इथून सुरुवात.