टायमिंग बेल्टच्या कामाविषयी आपण दिलेल्या दोन स्टारच्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपल्या 2013 सालच्या डिझेल डस्टर गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्ह यांची हालचाल जुळती ठेवणारा इंजिनातला पट्टा, आम्ही गेल्या महिन्यात बदलला. त्याविषयी आपण चार तक्रारी केल्या आहेत. फोनवर 10,500 रुपये सांगून बिल 17,350 रुपयांचे केले. जेमतेम 58,000 किलोमीटर चाललेल्या गाडीचा काढलेला बेल्ट डोळ्यांना धडधाकट दिसत होता. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लावले. आणि आता सकाळी गाडी सुरू केली की बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. यातील काही गोष्टींत चूक आमची आहे आणि ती कोठे आहे हे मी खाली लिहिले आहे.

आवाजाचे आधी सांगतो, कारण बाकीचे हिशेब थांबू शकतात, हे थांबू शकत नाही. बेल्ट प्रमाणापेक्षा जास्त ताणला गेला तर असा आवाज येतो, आणि तसे असेल तर तो दोष आमच्या हाताचा आहे. बाहेरच्या बेल्टमुळेही तो येऊ शकतो. पण कव्हर उघडून पाहिल्याशिवाय मी काहीच ठामपणे म्हणणार नाही. ताण थंड इंजिनवर तपासावा लागतो, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी. तपासणीचा खर्च आपल्याकडून घेतला जाणार नाही, आणि ती होईपर्यंत गाडी घाटात किंवा लांबच्या प्रवासाला नेऊ नये ही विनंती.

आता बिल. वाढलेल्या 6,850 रुपयांत वॉटर पंपाचे 3,600, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) 1,400, कॅमशाफ्टच्या (वॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलचे 450 आणि अल्टरनेटर व एसी फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टचे 1,400 रुपये आहेत. मजुरी फोनवर सांगितली तेवढीच राहिली. आपल्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. आपल्या पंपाच्या निचऱ्याच्या छिद्राभोवती सुकलेल्या कूलंटचा पांढुरका थर साचला होता, म्हणजे आतले सील झिरपू लागले होते. असा पंप ठेवून त्यावर नवा बेल्ट चढवला आणि पुढे पंपाचे बेअरिंग जाम झाले, तर तो नवा बेल्टही जातो आणि तेच सगळे पुन्हा उघडावे लागून मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. पंप उतरवला की कूलंट सांडतेच, त्यामुळे तेही नवे भरावे लागले. कॅमशाफ्टच्या सीलमधून ऑइल झिरपत होते, आणि ऑइल लागलेले रबर फुगून मऊ पडते. ही तीन कामे करण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

परंतु तो निर्णय आपल्याला विचारून व्हायला हवा होता. आमच्या मुलाने आपल्याला फोन केला होता, पण ‘थोडे काम वाढले आहे’ एवढेच सांगितले, आकडा सांगितला नाही, आणि आपण ‘बरं’ म्हणालात ते त्याने होकार म्हणून धरले. याला परवानगी म्हणत नाहीत. बाहेरच्या बेल्टचा प्रश्न तर वेगळाच आहे. त्याला तडे गेले होते, आणि तो फाटला तर त्याचे धागे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीमागून आत शिरून टायमिंग बेल्टलाच गुंडाळले जाण्याचा धोका असतो, म्हणून मिस्त्रीने तो बदलला. तरीही ते काम ठरलेले नव्हते, आणि आपल्याला विचारूनच करायचे होते. त्याचे 1,400 रुपये आपण ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत पाठवत आहे, आणि बेल्ट गाडीतच राहील.

बेल्ट चांगला दिसत होता, या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. रबराच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि सगळा ताण त्या दोऱ्या पेलतात. त्या कितपत थकल्या आहेत हे वरून पाहून कोणालाही, मलाही, सांगता येत नाही. म्हणूनच मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देतात आणि जी आधी भरेल ती पाळायची असते. आपल्या गाडीचा बेल्ट कारखान्यातून आलेला पहिलाच होता, म्हणजे वर्षांची मर्यादा केव्हाच उलटली होती. शिवाय 58,000 हा आकडा मुंबईत फसवा आहे. आपणच सांगितल्याप्रमाणे गाडी रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जाते. सिग्नलला उभे राहिलेले इंजिन मिनिटाला सुमारे 800 फेरे घेते, म्हणजे तासाभरात 48,000 फेरे, आणि मीटरवर एकही किलोमीटर चढत नाही. बेल्टचे दात मात्र त्या प्रत्येक फेऱ्याला झिजतात. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर हेडला, म्हणजे वॉल्व्ह बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाला, जवळजवळ टेकतो. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, क्रँक फिरत राहतो, आणि उघडे राहिलेले वॉल्व्ह पिस्टनच्या धडकेने वाकतात. मग हेड उतरवावे लागते, आणि तो खर्च आपल्या या बिलाच्या कितीतरी पट असतो. एका चालकाने रस्त्यात बंद पडलेली अशी गाडी ‘एकदा पाहू तरी’ म्हणून पुन्हा पुन्हा सेल्फ मारून आमच्याकडे ओढत आणली होती, तेव्हा उरलेले वॉल्व्हही गेले होते.

तीन दिवसांचे म्हणाल तर पहिल्या दिवशी खोलेपर्यंत पंपाची अवस्था कळली नव्हती, पंप ऑपेरा हाउसच्या बाजारातून मागवला आणि दुसऱ्या दिवशी पावसामुळे तो भांडुपला संध्याकाळी पोहोचला. तिसऱ्या दिवशी क्रँक आणि कॅमशाफ्ट जागेवर धरणाऱ्या लॉक पिना लावून टायमिंग जुळवले, पिना काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला, पिना पुन्हा बसतात याची खात्री केली आणि कूलंटमधली हवा काढली. यातले काहीही घाईत उरकता येत नाही. पण ‘संध्याकाळी गाडी न्या’ हे वाक्य आमच्याकडूनच गेले होते, आणि झिरपणारा पंप दिसला त्याच वेळी ते मागे घ्यायला हवे होते. आपण दोन दिवस रिक्षाने गेलात, त्याबद्दल दिलगीर आहे.

आपले जुने सुटे भाग, म्हणजे दोन्ही बेल्ट, टेन्शनर (बेल्टचा ताण राखणारी पुली), पंप आणि सील, गोणीत बांधून त्यावर गाडीचा क्रमांक लिहून ठेवले आहेत. आवाज तपासायला याल तेव्हा पंप हातात घेऊन त्याचा दांडा फिरवून पाहावा. गोणी आपल्यासोबत न्यायची असल्यास अवश्य न्यावी.

आपला,
गॅरेजमालक, भांडुप