व्हाइटटेलचा माज पौर्णिमेवर ठरत नाही

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या आम्हा शिकारी मंडळींच्या फोनवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यांतले दोघे मराठी आहेत, आणि धनुष्य घेऊन रानात बसायचा त्यांचा हा पहिलाच मोसम. मजकूर थोडक्यात असा: व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांचा माज, म्हणजे समागमाचा काळ, शरद संपातानंतरच्या (सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरच्या) दुसऱ्या पौर्णिमेला सुरू होतो. थंडी पडली नाही तर तो लांबतो. ऑक्टोबरच्या मध्यात हरणं सुस्तावतात, तेव्हा मचाणावर बसण्यात अर्थ नाही. आणि माज चढला की नर आंधळा होतो, म्हणून वाऱ्याची फिकीर करू नका, चाळीस यार्डांवरूनही (साधारण ३७ मीटर) बाण सोडा आणि लागला की लगेच मागावर निघा.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. आधीच्या चुकांनी फार तर शिकाऱ्याची रजा फुकट जाते. शेवटच्या चुकीची किंमत मात्र जनावर मोजतं, म्हणून हे लिहायला बसलो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हरणाची शिकार गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा असं मलाही वाटतं. इथली कहाणी वेगळी आहे. १९००च्या सुमारास अख्ख्या उत्तर अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. पेनसिल्व्हेनियातून लांडगा आणि प्यूमा कधीच संपले. जंगलात ओकची रोपं गुडघाभर वाढायच्या आत हरणं ती खुडून खातात. परवाना, ठरलेला मोसम आणि किती हरणं मारायची त्याचे मोजून दिलेले टॅग यांच्या चौकटीत इथे शिकार होते, आणि धनुष्याचा मोसम नेमका माजाच्या तोंडावर येतो.

आता पौर्णिमा. हा हिशेब मराठी माणसाला तरी अवघड जाऊ नये. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, हे पाहतच आपण मोठे झालो. संपातानंतरची दुसरी पौर्णिमा २०२१मध्ये १९ नोव्हेंबरला होती, म्हणजे आपली त्रिपुरी. २०२३मध्ये ती २८ ऑक्टोबरलाच आली, म्हणजे कोजागरी. २०२४मध्ये पुन्हा त्रिपुरी, १५ नोव्हेंबर. चंद्रावर माज ठरत असता तर २०२१ आणि २०२३ या दोन वर्षांत तो तब्बल तीन आठवडे पुढेमागे झाला असता. मादी सुमारे दोनशे दिवस गाभण राहते. म्हणजे एका वर्षीची पाडसं मेच्या मध्यात जन्मली असती आणि दुसऱ्या वर्षीची जूनचा पहिला आठवडा उलटल्यावर.

तसं होत नाही. आणि हे कुणाच्या अंदाजावर सांगत नाही. हिवाळा सरताना आणि वसंतात रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या माद्या पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनचे (शिकार आणि वन्यजीव पाहणाऱ्या राज्याच्या खात्याचे) जीवशास्त्रज्ञ तपासतात. पोटातल्या गर्भाची लांबी मोजली की मादी कोणत्या सुमारास फळली ते मागे मोजत जाऊन काढता येतं. वर्षानुवर्षांच्या या नोंदींत बहुतेक प्रौढ माद्या नोव्हेंबरातच गाभ धरताना दिसतात, आणि सर्वांत जास्त महिन्याच्या मध्याला. पौर्णिमा इकडे गेली काय नि तिकडे गेली काय, हा शिखराचा काळ जागचा हलत नाही.

हलत नाही, कारण घड्याळ सूर्याचं आहे. दिवस लहान होऊ लागला की डोळ्यांत शिरणारा उजेड घटतो, मेंदूतली पिनिअल ग्रंथी रात्रीच्या वेळी अधिक काळ मेलाटोनिन सोडते, आणि त्या इशाऱ्यावर नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन चढू लागतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल सोलून निघते, मान जाड होते, झाडांच्या सालीवर घासल्याच्या खुणा दिसू लागतात. दिवस किती लहान झाला हे दरवर्षी त्या त्या तारखेला सारखंच असतं. ढग, पाऊस, दुष्काळ यांनी त्यात फरक पडत नाही.

याचा सर्वांत सुंदर पुरावा इथून हजारो मैलांवर आहे. १९०५मध्ये न्यू हॅम्पशायरमधून काही व्हाइटटेल बोटीने न्यूझीलंडला नेऊन स्ट्युअर्ट बेटावर सोडली गेली. त्यांची पिल्लावळ आजही तिथे आहे. दक्षिण गोलार्धात रात्र दिवसाहून मोठी होते ती मार्चअखेरीपासून, आणि या हरणांचा माजही तिकडच्या शरदात, मेच्या आसपास येतो. रक्त न्यू हॅम्पशायरचं, चंद्र तोच, फक्त सूर्याचं गणित उलटं झालं आणि माज सहा महिने सरकला.

उलट बाजूनेही पाहा. अमेरिकेतच दक्षिण फ्लोरिडातली व्हाइटटेल जुलै-ऑगस्टच्या सुमारास माजावर येतात, अलाबामाच्या बऱ्याच भागात जानेवारीत. विषुववृत्ताकडे जावं तसा उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या दिवसांच्या लांबीचा फरक कमी होतो, हिवाळा पाडसाला मारत नाही, आणि वेळेची सक्ती सैल पडते. शिवाय कुठून आणलेल्या कळपाची ती अवलाद आहे यानेही फरक पडतो. ताडोब्यात किंवा पेंचला गेलेल्यांनी हे स्वतः पाहिलं असेल, फक्त लक्षात आलं नसेल: एकाच कळपात एका चितळाची शिंगं मखमलीत असतात, दुसऱ्याची टणक आणि लख्ख. त्यांच्यात हंगाम आहे, पण प्रत्येक नर आपापल्या चक्रावर चालतो. पेनसिल्व्हेनियातल्या हरणाला ही मोकळीक नाही. पाडस लवकर जन्मलं तर थंडीत आणि चाऱ्याविना जाईल, उशिरा जन्मलं तर पुढच्या हिवाळ्याआधी अंग धरणार नाही. सगळी दोन-तीन आठवड्यांत जन्मली की अस्वलं आणि कायोटी (कोल्ह्यासारखं शिकारी जनावर) कितीही खाऊन बरीचशी उरतात. हा नेम हजारो पिढ्यांनी बसवलेला आहे.

थंडीचं म्हणणं अनुभवातून आलंय, म्हणून ते लोकांना पटतं. नोव्हेंबरात एखादा आठवडा उबदार निघाला की हरणं दिसत नाहीत हे खरंच आहे. अंगावर हिवाळ्याचा दाट कोट चढलेला असतो. वीस-एकवीस सेल्सियसच्या दुपारी तो घेऊन कोण धावेल? नर मग रात्री फिरतात. आपण दिवसा बसलेलो असतो, आपल्याला ते दिसत नाहीत, आणि आपण म्हणतो माज लांबला. मादी मात्र तिच्या ठरल्या दिवशी माजावर येते, जेमतेम एक दिवसभर राहते, आणि त्या दिवशी फळली नाही तर साधारण चार आठवड्यांनी पुन्हा येते. हरीण गाडीवर आदळल्याच्या तक्रारी इथे दरवर्षी नोव्हेंबरातच सर्वांत जास्त येतात, मग महिना गारठलेला असो की उबदार.

ऑक्टोबरच्या सुस्तीबद्दल थोडक्यात. मानेला जीपीएस कॉलर लावलेल्या नरांच्या नोंदींत अशी सुस्ती दिसत नाही. ऑक्टोबरभर त्यांचं चालणं आठवड्यागणिक वाढतच जातं. बदलतं ते ठिकाण. व्हाइट ओकची एकॉर्न फळं पडू लागली की हरणं सोयाबीनचं शेत सोडून रानात शिरतात. मका कापला जातो, पानं झडतात, आडोसा जातो. आणि तीन आठवडे एकाच मचाणावर चढून आपण तिथे आपला वास साठवलेला असतो. हरणं तिथे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

‘नर आंधळा होतो, वाऱ्याची फिकीर नको’ हे वाचून मला सर्वांत आश्चर्य वाटलं. माजातला नर जगतोच नाकावर. मादी कुठल्या झुडपात बसली आहे आणि ती माजावर आहे का, हे त्याला वासाने कळतं. वरचा ओठ मुडपून, मान वर करून तो तिच्या मुताचा वास टाळूतल्या वेगळ्या इंद्रियाकडे खेचतो. माद्यांच्या बसायच्या जागांवरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूने तो आडवा चालत जातो, म्हणजे एका फेरीत सगळा वास घेता येतो. तुमच्या मचाणावरून वारा त्याच्याकडे वाहत असेल तर त्याच फेरीत तुम्हीही सापडता. त्याचं लक्ष विचलित झालेलं असतं, हे कबूल. दिवसा उघड्यावर येतो, एरवी येणार नाही अशा वाटेनेही येतो. पण त्याच्यापुढे चालणारी पाच-सहा वर्षांची मादी माजात येऊनही तितकीच सावध असते. तिने एकदा फुरफुरून पाय आपटला की संपलं. डोंगरउतारावर बसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: सूर्य वर आला की हवा उताराने वर चढते, संध्याकाळी गार होऊन ओढ्याकडे उतरते. सकाळची चांगली जागा संध्याकाळी वाईट ठरते.

आता चाळीस यार्ड. कंपाउंड धनुष्याचा (चाकं आणि तारा लावलेल्या आधुनिक धनुष्याचा) बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, आवाज ११०० फूट. वीस यार्डांवर दोरीचा आवाज हरणाच्या कानी पडल्यावर बाण पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा उरतो. चाळीस यार्डांवर जवळपास तिसरा हिस्सा. हरीण पळण्याआधी पाय दुमडून अंग खाली घेतं, उडीसाठी. सावध हरणाला त्या तिसऱ्या हिश्शात वीतभर खाली जायला वेळ मिळतो, आणि फुप्फुसांवर नेम धरलेला बाण पाठीच्या मांसात घुसतो. धनुष्य कितीही भारी असो, या वेळेवर त्याचा इलाज नाही. त्यात माजातला नर थांबत नाही, चालता चालता जातो. तोंडाने हलका आवाज काढून तो थांबला, आडवा किंवा थोडा पाठमोरा उभा राहिला, आणि वीस-पंचवीस यार्डांच्या आत असला तरच दोरी सोडावी. समोरून तोंड करून येणाऱ्यावर नवख्याने बाण सोडूच नये.

आणि ‘लगेच मागावर निघा’. हे वाक्य मी दुसऱ्या मोसमात पाळलं होतं. बाण थोडा मागे लागला, पोटात. मला वाटलं बरोबर लागला. दहा मिनिटांत खाली उतरलो आणि चालू लागलो. तो नर दीडशे पावलांवर झुडपात बसला होता. माझी चाहूल लागली, उठला आणि गेला. बसू दिला असता तर तिथेच मेला असता. ओढ्यापर्यंत रक्ताचे थेंब मिळाले, पुढे काही नाही. दोन दिवस शोधलं. पेनसिल्व्हेनियात आता पट्ट्याला धरलेला माग काढणारा कुत्रा नेता येतो, तेव्हा नेता येत नव्हता. तो कुठे आणि किती तासांनी मेला हे मला आजही माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे झालं.

म्हणून त्या दोघांना सांगतो. बाण सुटल्यावर हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा आणि अर्धा तास जागचे हलू नका. मग बाण शोधा. रक्त गुलाबी आणि बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस आहे. हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आत पडलेलं असेल. काळपट लाल असेल तर यकृत. चार-सहा तास थांबा. बाणावर हिरवट घाण आणि दर्प असेल तर आलात तसे मागे फिरा, आठ ते बारा तास त्या बाजूला जाऊ नका. पाऊस येणार असेल, काही कळत नसेल, तर फोन करा. रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मी दिवा घेऊन येतो.