‘फॉरेन्सिक म्हणजे मुडदे चिरणं’ : फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

निकालाचे दिवस आले की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदा एकाच दिवसात चौघांनी तो मला पाठवला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: “पालकांनो, सावध व्हा. फॉरेन्सिक केमिस्ट्री म्हणजे मुडदे चिरण्याचं काम. मुलींनी तर लांबच राहावं. साध्या बी.एस्सी. केमिस्ट्रीवर काही होत नाही, लाखो रुपये भरून फॉरेन्सिकचीच डिग्री घ्यावी लागते. नोकरी फक्त पोलीस खात्यात, तीही वशिल्याची. आपल्या खानदेशात तर या विषयाला कुत्रंही विचारत नाही.”

हा मेसेज वाचून पारोळ्याकडच्या एका शेतकरी बापाने मला फोन केला. त्यांची मुलगी आमच्याकडून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली आणि फॉरेन्सिकच्या एम.एस्सी.ला तिचा नंबर लागलाय. “सर, पोरनं नाव काढी लेऊ का?” एवढंच त्यांनी विचारलं. पंचवीस वर्षं मी या भागात रसायनशास्त्र शिकवतोय. मुलीने मेहनतीने मिळवलेली जागा एका मेसेजपायी जाणार, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. फॉरेन्सिक म्हणजे गुन्ह्याच्या तपासात कोर्टाला उपयोगी पडणारं विज्ञान. त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याला इथे उत्तर देतो.

मुडदे चिरण्याचं वाक्य आधी घेतो, कारण बाप घाबरले ते त्यालाच. शवविच्छेदन करतात डॉक्टर. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं आपण पेपरात वाचतो, त्याचा अर्थ असा की जठर, आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंडाचे भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून, बरण्यांवर लाखेची मोहोर लावून प्रयोगशाळेत पाठवले. केमिस्टसमोर येते ती ही बरणी. तो आधी मोहोर शाबूत आहे का बघतो, सोबत आलेल्या नमुना मोहोरेशी ती जुळवतो आणि मगच झाकण उघडतो. त्या बरण्यांबरोबर आणखी एक बाटली येते, तिच्यात नुसतं तेच मिठाचं पाणी असतं. ते कशाला? पुढे कोर्टात वकील म्हणाला की विष मिठाच्या पाण्यातच होतं, तर उत्तर द्यायला. वर्गात आपण ‘ब्लँक’ (नमुना न घातलेलं नुसतं द्रावण) घ्या, ‘ब्लँक’ घ्या म्हणून मुलांच्या मागे लागतो, ती हीच बाटली.

आता दुसरं वाक्य, साध्या केमिस्ट्रीवर काही होत नाही म्हणतात ते. याला उत्तर द्यायला मला आपल्याच घरातलं उदाहरण पुरतं. दादर (आमच्याकडची ज्वारी), गहू साठवताना कोठीत टाकायच्या गोळ्या इथे सगळ्यांना माहीत आहेत. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतं, आणि त्या वायूने माणसं दगावतात. नमुन्यात फॉस्फीन आहे का हे कसं ओळखायचं? सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागद वाफेवर धरला की तो काळा पडतो. पण इथेच गोची आहे. ऊती कुजताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तोही हा कागद काळा करतो. म्हणून शेजारी लेड अ‍ॅसिटेटचा कागद धरतात. सल्फाइड असेल तर तोही काळा होणार. सिल्व्हरचा काळा आणि लेडचा पांढराच राहिला, तर फॉस्फीनचा माग लागला. पुढे यंत्रावर खात्री करून घेतात. लेड अ‍ॅसिटेटचा हा कागद बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये प्रत्येक पोराच्या हातात असतो. फरक एवढाच की इथे त्या उत्तरावर कुणाचा तरी तुरुंगवास किंवा सुटका ठरू शकते.

कपाशीवरच्या फवारणीच्या औषधांचंही तसंच. सिलिका जेल लावलेल्या काचेवर नमुन्याचा ठिपका आणि शेजारी माहितीतल्या औषधाचा ठिपका टेकवायचा, काच द्रावकात उभी करायची आणि द्रावक वर चढला की रंग आणणारं रसायन फवारायचं. गंधक असलेल्या ऑर्गनोफॉस्फेट औषधांना पॅलेडियम क्लोराइडने पिवळसर तपकिरी डाग येतात. दोन्ही डाग एका रेषेत आले म्हणून लगेच सही करत नाहीत, मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस नावाच्या यंत्रावर ते पक्कं करतात. हा सगळा अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम आहे. ‘फॉरेन्सिक’ नावाच्या डिग्र्या निघण्याच्या कितीतरी आधी, १८४९ साली, मद्रासला सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा उभी राहिली होती. पोलिसांच्या तोंडी आजही ‘सीए रिपोर्ट’च आहे, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट.

मुलींच्या वाक्याला तर एक नाव पुरे. डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती नागपूरला अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून १९७४ साली मुंबईच्या न्यायसहायक वैज्ञानिक (म्हणजे फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत लागल्या आणि पुढे राज्याच्या अशा प्रयोगशाळांच्या संचालनालयाच्या प्रमुख झाल्या. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या स्फोटकांच्या तपासणीत त्यांचं काम होतं. मेसेजमधली दोन वाक्यं त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच खोडून काढली आहेत.

लाखो रुपयांचं म्हणाल, तर मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. २००९ मध्ये ते गुजरातचं राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि २०२० मध्ये राष्ट्रीय झालं. खानदेशातून सुरतमार्गे तिकडे जाणं काही अवघड नाही. आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्यालाही या क्षेत्राचं दार बंद नाही. सरकारी जाहिरातींमधली पात्रता नीट वाचा, रसायनशास्त्र विषय असलेले पदवीधर वैज्ञानिक सहायकासारख्या पदांना चालतात. मात्र एका बाबतीत मेसेजच्या भीतीत तथ्य आहे. काही खासगी ठिकाणी ‘फॉरेन्सिक’ची पाटी मोठी असते आणि प्रयोगशाळेत यंत्रं झाकलेली असतात. असल्या ठिकाणी पैसे घालू नका.

नोकरीच्या वाक्यात अर्धं खरं, अर्धं खोटं. सरकारी जागा मोजक्या असतात, जाहिरात कधी येईल त्याचा नेम नसतो, आणि वाट बघता बघता मुलांची उमेदीची वर्षं जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लपवणार नाही. पण ‘फक्त पोलीस खात्यात’ हे साफ चूक. सहायक रासायनिक विश्लेषकाची भरती लोकसेवा आयोगातून होते, तिथे परीक्षा द्यावी लागते. केंद्राची न्यायसहायक प्रयोगशाळा पुण्यातही आहे. सीमाशुल्क खात्याच्या स्वतःच्या रासायनिक प्रयोगशाळा आहेत. अन्न विश्लेषक व्हायला केमिस्ट्रीची मास्टर्स, अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेची परीक्षा लागते. औषध कंपन्यांच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर हात बसलेला मुलगा पहिल्या मुलाखतीत ओळखू येतो. म्हणून मी मुलांना सांगतो, फॉरेन्सिकचा अभ्यास करा, पण पोट भरायची सोय अ‍ॅनालिसिसच्या कसबावर ठेवा.

शिवाय कायदा बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलंच पाहिजे, असं तिच्या कलम १७६ मध्ये आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलीय. माणसं तयार केल्याशिवाय हे होणार नाही.

राहिलं शेवटचं वाक्य, खानदेशात कुत्रंही विचारत नाही हे. हे लिहिणाऱ्याने आपला पेपर नीट वाचलेला नाही. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेती पकडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा बिया सापडल्या तर त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे पंचनामा कितीही भक्कम असू दे, नमुन्यात काय होतं हे प्रयोगशाळेच्या अहवालावरच ठरतं. नंदुरबारकडे मोहाची आणि इतर हातभट्टीची दारू पकडतात, तिच्यात विषारी मिथेनॉल आहे की नाही हे कोण सांगणार? लाचलुचपतवाले सापळ्यातल्या नोटांना पूड लावतात. ती फिनॉल्फ्थॅलिनची असेल तर लाच घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. टायट्रेशनला थेंब टाकतो तेच हे फिनॉल्फ्थॅलिन. ते गुलाबी पाणी बाटलीत सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातं. प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकला आहे आणि लघु प्रयोगशाळा आपल्या धुळ्यातच आहे.

हे सगळं मी त्या बापाला फोनवर सांगितलं. कागदांचा प्रयोग त्यांना विशेष पटला, कारण त्या गोळ्यांचा डबा त्यांच्याही कोठीशेजारी आहे. नाव काढू नका म्हटलं. फक्त प्रवेशाला जाल तेव्हा तिथल्या सरांना एक विचारून या: जीसी-एमएस आहे का, आणि पोरीचा हात त्याला पहिल्या वर्षी लागणार की दुसऱ्या? त्यांनी पेन शोधलं आणि ती चार अक्षरं मला दोनदा उच्चारायला लावून लिहून घेतली.