स्टेट फेअरच्या सहलीत गोठा राहणारच: एका अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

मिनेसोटा स्टेट फेअरच्या आमच्या एक दिवसाच्या सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि त्यामागची कारणंही नीट लिहिलीत. आई-बाबांना दिवसभर उन्हात चालवलं. खायला जिकडेतिकडे तळलेलं, त्यात शाकाहारी फारच थोडं. आणि सकाळचा चांगला वेळ जनावरांच्या गोठ्यात गेला. 'गोठा बघायला ते पुण्याहून अमेरिकेत आले नव्हते,' हे तुमचं वाक्य. पैसे परत मिळावेत असंही तुम्ही म्हटलंय. दर उन्हाळ्यात आई-वडिलांना इकडे बोलावणारी बरीच मराठी मंडळी हे अभिप्राय वाचूनच सहल ठरवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोठ्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि माझा जीवही तिथेच आहे.

मिनेसोटा राज्य झालं १८५८ मध्ये आणि ही जत्रा सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. या थंड मुलुखात शेती कशी पिकते, गुरं कशी पोसली जातात, हे लोकांनी एकमेकांना दाखवावं म्हणून ती भरवली. १८८५ पासून ती मिनिआपोलिस आणि सेंट पॉल यांच्यामधल्या त्याच मैदानावर भरते. हे मैदान तीनशे एकरांहून मोठं आहे. ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, संपणारे बारा दिवस. १९४६ मध्ये पोलिओच्या साथीमुळे आणि २०२० मध्ये कोविडमुळे ती झाली नाही, तेव्हा इथल्या लोकांना किती चुटपुट लागली असेल याची कल्पना जत्रा पाहिल्याशिवाय येत नाही. पाळणे, घसरगुंडी, रात्रीचे गाण्यांचे कार्यक्रम हे सगळं तिथे आहे आणि छानही आहे. पण पुसेगावच्या यात्रेला जाऊन खिल्लार बैलांचा बाजार न बघता परतावं, तसं गोठा वगळून स्टेट फेअर बघणं होईल. म्हणून आम्ही सकाळी सगळ्यात आधी तिथे नेतो. तेव्हा गर्दी कमी असते आणि जनावरं नुकतीच धुऊन-पुसून उभी केलेली असतात.

तिथे गायींच्या शेजारी जी शाळकरी पोरं दिसतात, ती फोर-एचची, म्हणजे मुलांना शेती-पशुपालनासारखी कामं शिकवणाऱ्या संघटनेची मुलं. वर्षभर स्वतः सांभाळलेलं वासरू, मेंढी किंवा कोंबडी घेऊन ती जिल्ह्याच्या स्पर्धेतून निवडून इथवर आलेली असतात. जत्रेच्या आवारातल्याच फोर-एचच्या इमारतीत त्यांची झोपायची सोय असते. पहाटे उठून ती जनावराला आंघोळ घालतात, केस विंचरतात, शेण काढतात आणि मग परीक्षकासमोर त्याला चालवून दाखवतात. तुमच्या बाबांनी अशाच एका मुलीला विचारलं, की हिला वशिंड कसं नाही आणि ही दूध किती देते. मधे उभी राहून मी दोन्हीकडचं सांगत होते. होल्स्टीन गाय दिवसाला तीस लिटरच्या पुढे जाते हे ऐकून त्यांनी पुढे चारा काय, वेतं किती, भाकड गायीचं काय करता, असे एकामागून एक प्रश्न विचारले. त्या मुलीनेही एकेक उत्तर मनापासून दिलं. मोठमोठ्या इमारती त्यांनी आधी पाहिलेल्याच होत्या. इथल्या शेतकऱ्याच्या लेकीशी बोलणं मात्र त्यांच्या वाट्याला दुसरीकडे कुठे आलं असतं? त्यांना तो वेळ वाया गेला असं वाटलं का, हे एकदा त्यांनाच विचारावं, अशी माझी विनंती आहे.

जनावरांची पिल्लं जन्मताना बघायची सोय असलेल्या केंद्रात आपण थांबलो तेही याचसाठी. तिथे पशुवैद्य हजर असतात, कालवड व्यायला लागली की माणसं आपसूक गप्प होतात. ते वेळापत्रक लावून होत नाही, त्यामुळे कधी थांबूनही काही दिसत नाही. तुमच्या गटाला करडं दिसली, वासरू नाही.

दुपारी आपण डेअरीच्या इमारतीत गेलो. तिथे काचेच्या थंडगार, सावकाश फिरणाऱ्या खोलीत नव्वद पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४१ किलोंच्या, लोण्याच्या ठोकळ्यातून मुलीचा चेहरा कोरतात. या मुली दूध उत्पादकांच्या घरच्या किंवा त्या व्यवसायाशी जोडलेल्या असतात. राज्याची दुग्धव्यवसायाची प्रतिनिधी म्हणून 'प्रिन्सेस के' निवडली जाते आणि अंतिम फेरीतल्या प्रत्येकीचा चेहरा कोरला जातो. ती स्वतः कोट घालून तासन्‌तास समोर बसते. १९६५ पासून हे चालू आहे आणि लिंडा क्रिस्टेन्सन या एकाच बाईंनी जवळपास पन्नास वर्षं हे काम केलं. नंतर ते लोणी ती मुलगी घरी नेते. काही जणी गावाला मक्याच्या कणसांचं जेवण देऊन ते संपवतात. मला ही प्रथा फार आवडते.

सीड आर्टच्या दालनाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. बिया चिकटवून केलेली चित्रं तिथे मांडलेली असतात. तुमच्या आई तिथे प्रत्येक चौकटीपुढे थांबून जवस कुठलं, मोहरी कुठली ते ओळखत होत्या. त्यांना घाई करू नका असं मीच बाकीच्यांना सांगितलं.

आता खाण्याचं. तळलेलं भरपूर असतं, हे खरंच आहे. काडीवरचे तळलेले पदार्थ ही या जत्रेची ओळखच झाली आहे. पण लोण्यात बुडवलेलं भाजलेलं कणीस, पोटभर दूध, मधाचं आइस्क्रीम, सफरचंदाचा गोठवलेला रस, इंटरनॅशनल बझारमधलं फलाफल यातलं काहीच मांसाहारी नाही आणि फलाफल सोडलं तर तळलेलंही नाही. प्रसिद्ध कुकीज आणि छोट्या डोनटमध्ये अंडं असतं, हे आम्ही बसमध्येच सांगतो. चीज कर्ड, म्हणजे ताज्या चीजचे छोटे तुकडे, ज्या तेलात तळतात त्यात आणखी काय तळलं जातं, हेही टपरीवर विचारल्याशिवाय आम्ही कुणाला देत नाही. सकाळच्या दशम्या आणि दाण्याची चटणी आमच्याकडूनच असते. यापेक्षा पूर्ण जेवणाची ज्यांची अपेक्षा असेल, त्यांच्यासाठी ही सहल नाही.

चालणं आणि ऊन याबद्दल बुकिंगच्या पानावर सगळ्यात वर लिहिलेलं आहे. व्हीलचेअर आधी सांगितली तर मिळते. आई-बाबांनी ती नको म्हटलं होतं. ते दमले असणार हे मला मान्य आहे, त्या दिवशी हवा दमट होती.

पैसे परत देता येणार नाहीत. प्रवेश, बस, नाश्ता, सोबतीला माणूस, ठरलेलं सगळं त्यांना मिळालं आहे. सहलीतून गोठाही मी काढणार नाही.

आई-बाबा ऑक्टोबरपर्यंत इथे असतील तर सफरचंदांच्या बागेची आमची सहल त्यांना जास्त सोयीची पडेल. चालणं थोडं, बसायला सावली, आणि हनीक्रिस्प हे मिनेसोटा विद्यापीठाने तयार केलेलं, १९९१ मध्ये बाजारात आलेलं सफरचंद तिथे झाडावरून तोडून खाता येतं. मात्र यावेळी बुकिंगआधी मला थेट त्यांच्याशी फोनवर बोलायला आवडेल. त्यांना काय बघायचंय, किती चालवतं, काय खायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून कळलं की मला तयारी करता येते. आमचा नंबर तुमच्याकडे आहेच, संध्याकाळी सहानंतर कधीही करा.