माशांच्या आरोग्यासाठी काही घरगुती उपाय

परवा घरातला औषधांचा डबा आवरायला काढला. मुदत संपलेल्या गोळ्या, अर्धवट राहिलेली अँटिबायोटिक्स, झाकण चिकटून बसलेलं खोकल्याचं औषध, सगळं पिशवीत भरलं आणि औषधांच्या दुकानात गेलो. "हे परत घेता का?" "बिल आहे?" म्हटलं, पैसे नकोत हो, फक्त नीट विल्हेवाट लावा. "मग संडासात टाका आणि फ्लश करा. त्यात काय एवढं!" दुसऱ्या दुकानात तोच सल्ला. तिसऱ्यात तर दुकानदाराला तोंड उघडावंच लागलं नाही, रांगेतल्या एका काकांनीच सांगून टाकलं.

तीन जाणती माणसं एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर माझेही डोळे उघडले. नदीतल्या माशांना ना दवाखाना, ना विमा. त्यांच्या औषधपाण्याचं आपणच बघायला हवं. तेव्हा वाचकहो, लिहून घ्या.

सुरुवात चिंतेवरच्या गोळीनं करा. स्वीडनमधल्या संशोधकांनी पर्च माशांना ऑक्झाझेपाम मिसळलेल्या पाण्यात ठेवलं होतं. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. मासे धीट झाले, सोबत्यांपासून लांब फिरू लागले, खाणं भराभर संपवू लागले. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो हाच! आता घाबरणं आणि घोळक्यात राहणं यावरच छोट्या माशाचा जीव तगतो हे खरं, पण त्याला गिळणाऱ्या मोठ्या माशाचाही विचार नको का करायला?

अंगदुखीवर डायक्लोफेनॅक. जेल भरपूर चोळा आणि वर आंघोळ करा. प्रयोगशाळेत ट्राउट माशांच्या कल्ल्यांवर आणि मूत्रपिंडांवर त्याचे परिणाम दिसलेत. हे औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडंही मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून भारतात २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण मेलेली गिधाडं दिसतात तरी. मासे मरतात ते पाण्याखाली, शांतपणे.

मधुमेहवाल्यांनी काहीच करू नये. मेटफॉर्मिन शरीरातून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं.

अँटिबायोटिक्सचा कोर्स तिसऱ्या दिवशी सोडा, उरलेलं नदीला.

आणि कोणी शंका काढलीच, तर रामबाण उत्तर पाठ ठेवा: "एवढ्या पाण्यात एवढंसं औषध, काय होतंय!" हे वाक्य मला त्या काकांनी ऐकवलं. काका, कॅनडात २६० क्रमांकाचं एक तळं आहे. २००१ ते २००३ अशी तीन वर्षं संशोधकांनी त्यात गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं. किती? लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम सुमारे वीस कोटी लिटरमध्ये. एका गोळीत ते साधारण ३० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एक गोळी सहा हजार लिटर पाण्याला पुरते! त्या तळ्यात फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे होते. नरांच्या शरीरात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, काहींच्या वृषणात चक्क अंडपेशी दिसल्या. पुढची पिढी येईनाशी झाली आणि तळ्यातले मिनो जवळजवळ संपले. औषध थांबवल्यावर ते काही वर्षांनी सावरले, कारण तिथे थांबवणारं कोणी होतं. नदीत कोण थांबवणार? अहो, औषध बनवलेलंच असतं कणभर मात्रेत काम करायला! शिवाय माशाचं शरीर आपल्यापेक्षा फार वेगळं नाही. आपल्या संप्रेरकांसाठी जी कुलपं आहेत तसलीच त्याच्यातही आहेत. आपण गोळी दिवसातून एकदा घेतो. तो त्यातच राहतो, त्यातच श्वास घेतो, अंडीही तिथेच घालतो. त्याचा डोस कधी संपतच नाही.

"पण सांडपाण्यावर प्रक्रिया होते ना?" होते की. गाळ आणि घाण काढायला बांधलेली केंद्रं आहेत ती. औषध अडवायला ओझोन लागतो, सक्रिय कार्बन लागतो. हैदराबादजवळच्या पटनचेरूला औषध कारखान्यांचं पाणी अशाच एका केंद्रात जात होतं. प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं, हे २००७ साली छापून आलंय. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही एवढं नसतं.

पुरे झाला उपरोध. दुकानदारसाहेब, गोळ्या संपायच्या आत "पुन्हा मागवा" म्हणून तुमचा फोन येतो. न्यायला माणूस आहे, मोजायला माणूस आहे, परत घ्यायला एक खोकं ठेवता येत नाही? कंपनीवाले, पाकिटावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत "सुरक्षित विल्हेवाट लावा" छापता. कुठे लावायची, ते कोण छापणार? आणि काका, नदीतलं बरंचसं औषध लघवीतून आणि कारखान्यांतून येतं, फ्लश केलेल्या गोळ्यांचा वाटा त्यामानानं लहान, हे मलाही माहीत आहे. पण लघवी थांबवता येत नाही. गोळी संडासात टाकणारा हात थांबवता येतो, तोही फुकटात. तेवढंही जमत नसेल तर निदान लोकांना शिकवायला तरी जाऊ नका!

पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. उद्या चौथ्या दुकानात जातोय. तिथेही "फ्लश करा" ऐकू आलं, तर हा लेख रांगेत उभा राहून पहिल्यापासून मोठ्यानं वाचणार आहे.